इंदूरच्या आसपासची पावसाळी अळंबी: ओळख, खणणी, चूल आणि दवाखाना

आषाढाच्या सरी बसल्या की इंदूरच्या मराठी घरांतून रत्नागिरीला किंवा चंद्रपूरला एक फोटो जातो आणि खाली प्रश्न असतो, "ही खायची आहे का?" तिकडून मावशी किंवा मामा झूम करून बघतात आणि म्हणतात, "अगं, आपलीच आहे, घे." मावशी तिच्या गावात अगदी बरोबर असते. तिथली माती, तिथला बांध, ठरलेला आठवडा आणि वास हे सगळे मिळून तिची ओळख होते. फोटोत त्यातले काहीच येत नाही. माळव्याच्या पठारावर तशीच दिसणारी वेगळी जात उगवते आणि मावशीने ती कधी हातात घेतलेली नसते.

पिढ्यान्‌पिढ्या रानातले खाणाऱ्यांचीही फसगत होते. एप्रिल २०२२ मध्ये वरच्या आसामात रानटी अळंबी खाऊन १३ जण दगावले, त्यांत बहुतेक चहामळ्यांच्या वस्त्यांतले होते. त्याआधी एप्रिल २०२० मध्ये मेघालयातल्या पश्चिम जैंतिया हिल्समध्ये ६ जण गेले. म्हणून हा लेख पन्नास जातींची यादी देत नाही. एकच जात नीट शिकायची आणि बाकी सगळे आहे तिथे सोडून यायचे, एवढ्यासाठीच तो लिहिला आहे.

कधी आणि कुठे

इंदुरात पाऊस साधारण जूनच्या उत्तरार्धात स्थिरावतो. पहिल्या सरीने काही उगवत नाही. जमीन वीतभर खोल भिजली पाहिजे, मग दोन-तीन दिवस ढगाळ आणि उमसाचे हवेत. जुलैच्या मध्यापासून ऑगस्टअखेरपर्यंत, म्हणजे आषाढाच्या शेवटापासून श्रावणभर, खरा हंगाम. जोरदार पावसानंतरची दुसरी-तिसरी सकाळ सर्वांत चांगली. दुपारपर्यंत टोप्या फाटतात, माश्या अंडी घालतात आणि पुढे त्याच अळंबीत अळ्या वळवळताना दिसतात. उजाडताच निघून नऊपर्यंत परत येणे उत्तम.

जागा म्हणाल तर काळ्या, चिकट, पाणी धरणाऱ्या शेतापेक्षा मुरमाड उतार, जुने बांध, पडीक माळ आणि वारुळांच्या आसपासची जमीन बघा. सिमरोल-चोरल, मानपूर-जानापाव आणि महूपलीकडचे डोंगर या बाजूला अशी जमीन आहे. पण जमीन कोणाची हे आधी बघा. रालामंडल हे अभयारण्य आहे. तिथून पानसुद्धा उचलता येत नाही, वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ लागू आहे. राखीव जंगलातूनही वनखात्याच्या परवानगीशिवाय काही काढायचे नसते. ओळखीच्या शेतकऱ्याच्या बांधावर, त्याला विचारून जाणे हा सरळ मार्ग. सोबत तो स्वतः किंवा त्या भागातला भिल्ल-भिलाला जाणकार आला तर फारच चांगले, कारण कोणती जागा दरवर्षी देते हे त्यांनाच ठाऊक असते.

विचारताना शेतकऱ्याला आणखी एक गोष्ट विचाराच: फवारणी कधी झाली? जुलैत माळव्यात सगळीकडे सोयाबीन उभे असते आणि तणनाशक-कीटकनाशकाच्या फेऱ्या नेमक्या याच दिवसांत चालतात. अळंबी जमिनीतले शिसे, कॅडमियम यांसारखे धातू साठवून ठेवते आणि वरून पडलेले औषधही पकडते. त्यामुळे फवारलेल्या सोयाबीनचा बांध, हमरस्त्याची कड, रेल्वेरूळ, पीथमपूरसारख्या कारखान्यांचा परिसर आणि कान्ह नदीचा सांडपाण्याचा काठ यांतून काहीही घेऊ नका, जात कितीही ओळखीची असली तरी.

बरोबर काय न्यायचे

गुडघ्यापर्यंतचे गमबूट, एक लांब काठी, खुरपी, चाकू, जुना मऊ ब्रश, बांबूची टोपली, सात-आठ कागदी पिशव्या, पेन्सिल. दहापट मोठे दाखवणारे भिंग मिळाले तर घ्या, टोपीखालच्या पट्ट्या देठाला चिकटल्यात की नाहीत हे त्याने चटकन कळते. प्लास्टिकची पिशवी नको. तिच्यात अळंबी घामेजते, तासाभरात गरम होते आणि घरी येईपर्यंत चांगली अळंबीही सडायला लागते. अशा सडक्या अळंबीने उलट्या झाल्या की लोक जातीला दोष देतात.

काठी सापासाठी. वारुळे ही नागाची आवडती जागा, आणि गवतात घोणस व मुरमात फुरसे असते. वारुळाच्या भोकात हात घालू नका, गवत आधी काठीने हलवा, मग पाय टाका. डोंगरात बिबट्याचा वावर आहे. एकट्याने जाऊ नका आणि गडगडाट सुरू झाला की उघड्या माळावरून खाली उतरा.

शिकायची ती एकच: वारुळाची अळंबी

शास्त्रीय नाव टर्मिटोमायसिस. पूर्व विदर्भात हिलाच सात्या किंवा टेकोडे म्हणतात, कोकणातली रोवण अळंबी याच कुळातली. वाळवी जमिनीखाली स्वतःच्या विष्ठेपासून स्पंजासारखे पोळे बांधते आणि त्यावर ही बुरशी वाढवते, कारण लाकडातले जे वाळवीला पचत नाही ते बुरशी पचवून देते. पावसात त्या पोळ्यातून देठ निघतो आणि माती भेदून वर येतो. वाळवी आणि बुरशीची ही जोडी इतकी घट्ट आहे की ही अळंबी आजवर व्यापारी शेतीत आणता आलेली नाही. बाजारात 'वारुळाची, फार्मवरची' म्हणून कोणी विकत असेल तर तिथून पुढे चला.

शिकायला हीच का, तर हिची एक खूण जमिनीखाली असते आणि ती विषारी जातींकडे नसते. पण खुणा चार आहेत आणि चारही एकत्र जुळल्या पाहिजेत. तीन जुळल्या, चौथी अडली, तर ती टाकायची.

पहिली खूण टोपीची. मधोमध भोवऱ्याच्या आरीसारखे टणक, उंच टोक असते, टोपीपेक्षा गडद, राखाडी किंवा तपकिरी. माती भेदायला तेच उपयोगी पडते. टोपी उघडून सपाट झाली तरी ते टोक बोटाला लागते. कडा अनेकदा चिरतात.

दुसरी खूण टोपीखालच्या पट्ट्यांची. दाट, पांढऱ्या, आणि जून झाल्यावर किंचित गुलाबी. त्या देठाला चिकटत नाहीत. देठाभोवती बारीक मोकळी खाच दिसते.

तिसरी आणि सर्वांत मोठी खूण मुळाची. देठ जमिनीशी संपत नाही. तो निमुळता होत खाली जातो, कधी वीतभर, कधी हातभर, आणि पार वाळवीच्या पोळ्यापर्यंत पोहोचतो. बुडाशी वाटी, पिशवी, गोल गाठ किंवा फाटलेले आवरण अजिबात नसते.

चौथी खूण बीजाणूंच्या, म्हणजे पट्ट्यांतून गळणाऱ्या बारीक भुकटीच्या, ठशाची. ती घरी घ्यायची, पुढे सांगितली आहे.

याच कुळात टिचभर टोप्यांची एक बारीक जात आहे. ती शेकड्यांनी गालिच्यासारखी उगवते आणि लोक आवडीने खातात. नवशिक्याने ती घेऊ नये. तिचे मूळ स्पष्ट सापडत नाही, आणि लहान पांढऱ्या अळंब्यांतच यकृत निकामी करणाऱ्या काही जाती आहेत.

खणायचे कसे

इथे घाई करणारे हमखास चुकतात. देठ धरून ओढला की तो जमिनीलगत तुटतो आणि ओळखीचा मुख्य पुरावा मातीत राहतो. अमॅनिटा या कुळातल्या घातक, यकृत निकामी करणाऱ्या अळंबीच्या बुडाची वाटीही अशीच मातीत राहून जाते, मग वर हातात आलेली पांढरी, पांढऱ्या पट्ट्यांची अळंबी कोणाचीही वाटू शकते.

देठापासून चार बोटे लांब खुरपी उभी घाला आणि माती बाजूने सैल करा. मग बोटांनी देठाभोवतीची माती थोडी थोडी काढत खाली जा. पंधरा सेंटिमीटर खाली गेल्यावरही देठ चालूच असेल, निमुळता होत असेल आणि वाटेत कुठे फुगवटा लागला नसेल, तर तिसरी खूण जुळली. मुळाचा खालचा भाग बहुतेक काळपट आणि चिवट असतो. पोळ्यापर्यंत खणायची गरज नाही. पोळे फोडले तर पुढच्या वर्षी त्या जागी काही येणार नाही. खड्डा माती लोटून बुजवा.

एका घोळक्यात दहा असतील तर एक पूर्ण खणली म्हणजे उरलेल्या नऊ आपोआप पास होत नाहीत. त्याच हातभर जागेत दुसरी जात मिसळून उगवलेली असू शकते. प्रत्येकीची माती तशीच पंधरा सेंटिमीटर खाली सरकवून देठ खाली जातोय हे बघा, मगच कापा. मिटलेल्या कळ्या घेऊ नका, त्यांत टोपी, पट्ट्या, ठसा यांतले काहीच तपासता येत नाही. एक तृतीयांश तरी तिथेच राहू द्या.

वारुळावर उगवले म्हणून वारुळाचे, असेही नाही. कोरड्या भागात वारुळावर पोडॅक्सिस नावाची उंच, खवल्यांची, न उघडणारी अळंबीही येते आणि जून झाल्यावर तिच्या आत काळी भुकटी होते. जागेवरून फक्त अंदाज बांधता येतो, ओळख पटत नाही.

प्रत्येक जागेची अळंबी वेगळ्या कागदी पिशवीत घाला आणि वर पेन्सिलीने जागा, वेळ, आसपासची झाडे लिहा. संशयाची अळंबी 'घरी जाऊन बघू' म्हणून त्याच टोपलीत टाकली, तर तिचे तुकडे चांगल्या मालात मिसळतात. बघायलाच न्यायची असेल तर वेगळी पिशवी आणि वेगळा हात.

बीजाणूंचा ठसा

पूर्ण उघडलेली एक टोपी घ्या, देठ टोपीलगत कापा. पांढरा आणि काळा कागद शेजारी शेजारी चिकटवा आणि टोपी पट्ट्यांची बाजू खाली करून अशी ठेवा की अर्धी पांढऱ्यावर, अर्धी काळ्यावर येईल. टोपीवर पाण्याचा एक थेंब सोडा, काचेची वाटी पालथी घाला आणि पंखा बंद असलेल्या खोलीत ६ ते १२ तास राहू द्या. रात्री ठेवली की सकाळी ठसा तयार. बाकीचा माल तोवर कागदात गुंडाळून फ्रिजमध्ये. भाजी दुसऱ्या दिवशी करायची, त्याच संध्याकाळी नाही. पाहुणे आले तरी नाही.

ठसा दिवसाच्या उजेडात, खिडकीशी नेऊन बघा. वारुळाच्या अळंबीचा ठसा फिकट गुलाबी ते गुलाबीसर मलईरंगाचा येतो. इथे एक फसवणूक आहे: पातळ थर असला की गुलाबी रंगही पांढरा दिसतो. ब्लेडने ठसा खरवडून छोटी ढिगोळी करा, मग रंग कळतो. तरीही पांढरा की गुलाबी असा वाद होत असेल तर पांढरा धरा आणि सगळे टाका, कारण अमॅनिटाचा ठसा पांढरा असतो. ठसा उमटलाच नाही, तर टोपी कोवळी किंवा वाळलेली होती. तो माल नापास.

गुलाबी ठसा आला म्हणजे झाले, असे समजू नका. विषारी एन्टोलोमाचा ठसाही गुलाबी असतो. तिच्या पट्ट्या मात्र देठाला चिकटलेल्या असतात आणि जमिनीत मूळ नसते. पेंढ्यावर, कुजक्या काडावर येणाऱ्या व्होल्व्हेरिएलाचा ठसा गुलाबी आणि बुडाशी वाटी असते. ती खाण्याजोगी असली तरी वाटी असलेली अळंबी नवशिक्याने घरात आणू नये. आग्नेय आशियातून परदेशी गेलेली माणसे तिकडची अमॅनिटा हीच समजून खाऊन मेली आहेत.

हात न लावायच्या

कॉलनीच्या बागेत, लॉनवर गोल रिंगणात येणारी मोठी पांढरी अळंबी. टोपी वीतभर, मधे तपकिरी खवले, देठावर वरखाली सरकणारे कडे. ही बहुधा क्लोरोफिलम मॉलिब्डायटीस. उष्ण प्रदेशात अळंबीच्या विषबाधेचे हे सर्वांत नेहमीचे कारण आहे. कोवळेपणी पट्ट्या पांढऱ्या असतात म्हणून लोक फसतात, जून झाल्यावर त्या हिरवट राखाडी होतात आणि ठसाही हिरवट येतो. खाल्ल्यावर एक ते तीन तासांत जोरदार उलट्या-जुलाब. मोठी, मांसल आणि दारातच उगवलेली असल्याने मोह होतो, पण लॉनवरचे काहीही पांढरे नको.

बुडाशी वाटी किंवा पिशवी असलेली कोणतीही अळंबी नको. शेणावरची नको. तळहातापेक्षा लहान पांढऱ्या-तपकिरी अळंब्या नकोत, लेपिओटाच्या बारीक जातींत अमॅनिटासारखेच विष असते. कापल्यावर बुड पिवळे पडून शाई किंवा फिनेलसारखा वास येणारी नको. गोल, छत्री नसलेला चेंडू उभा चिरल्यावर आत जांभळट-काळा गर दिसला तर ती स्क्लेरोडर्मा, विषारी. आत पांढऱ्या गरात मिटलेल्या टोपीची रेघ दिसली तर तो चेंडू नसून अमॅनिटाची कळी असू शकते.

आता घरोघरच्या परीक्षा. चांदीचा चमचा काळा पडला तर विषारी, लसूण किंवा तांदूळ रंग बदलतो, किड्याने खाल्लेली चालते, मिठाच्या पाण्यात रात्रभर ठेवली की विष उतरते, बकरीने खाल्ली म्हणजे चांगली. यातली एकही खरी नाही. अमॅनिटाचे विष उकळून, तळून, वाळवून, गोठवून जात नाही आणि चवही बिघडवत नाही. गोगलगायी विषारी अळंबी मजेत खातात. मोबाइलवरच्या ओळख-ॲपनेही ताटाचा निर्णय घेऊ नका. ॲप जमिनीखाली बघत नाही.

चुलीवर

सोबतची प्रत्येक अळंबी साफ करताना पुन्हा एकदा हातातून जाऊ द्या, चार खुणा बघत. मातीचे मूळ कापून टाका, पट्ट्यांतली माती वाहत्या पाण्याखाली ब्रशने काढा, देठ उभा चिरून अळीची भोके आहेत का बघा. मऊ, चिकट किंवा वास बदललेली टाका. कच्ची खायची नाही, अर्धवट परतलेलीही नाही.

पाव किलोला दोन चमचे तेल, एक कांदा, सहा-सात लसूण पाकळ्या, हळद आणि दीड चमचा काळा मसाला पुरे. अळंबी हाताने उभी फाडून घाला. पाणी भरपूर सुटते. झाकण न ठेवता मध्यम आचेवर ते पूर्ण आटेपर्यंत आणि तेल सुटेपर्यंत शिजवा, १५ ते २० मिनिटे. मीठ शेवटी. ही स्वतःच इतकी चवदार असते की गरम मसाला घालणे म्हणजे तिचा अपमान.

पहिल्यांदा खाणाऱ्याने ५० ग्रॅमपेक्षा जास्त घेऊ नये आणि त्या दिवशी घरातल्या एकाच निरोगी मोठ्या माणसाने खावी. हे फक्त सोसते की नाही हे कळण्यासाठी. ओळख न पटलेली अळंबी 'थोडी चाखून बघू' यासाठी हा नियम वापरायचा नाही, घातक जातीची एकच टोपी जीव घ्यायला पुरते. लहान मुले, गरोदर बाई, यकृत-मूत्रपिंडाचे रुग्ण यांना देऊ नका. त्या जेवणासोबत दारू नको. शाईटोपीसारख्या काही जाती एरवी निरुपद्रवी असून दारूबरोबर त्रास देतात, आणि दारूमुळे उलटीचे खरे कारणही लपते.

शिजवण्याआधी एक पूर्ण, न कापलेली अळंबी मुळासकट कागदात गुंडाळून फ्रिजमध्ये तीन दिवस ठेवा. तिच्यासोबत जागा आणि तारीख लिहिलेली चिठ्ठी.

त्रास झाला तर

घड्याळ बघा. जेवण किती वाजता झाले आणि पहिली मळमळ किती वाजता, हे दोन आकडे डॉक्टरांसाठी सर्वांत मोलाचे आहेत. दोन तासांच्या आत घाम, लाळ, डोळ्यांतून पाणी येत असेल किंवा उलट्या होत असतील तर त्रास मोठा असला तरी उपचारांनी बहुतेक वेळा आटोक्यात येतो. सहा तासांनंतर, म्हणजे रात्री जेवून पहाटे उलट्या-जुलाब सुरू झाले, तर ते जास्त भयंकर समजा. अमॅनिटाच्या विषाची हीच चाल आहे. ६ ते २४ तास काही नाही, मग जोरदार जुलाब, मग दुसऱ्या दिवशी एकदम बरे वाटते, आणि त्यानंतर कावीळ व यकृत निकामी होणे. मधल्या त्या बऱ्या वाटणाऱ्या दिवशी लोक दवाखान्यातून घरी येतात आणि तोच दिवस हातातून जातो. दोन जाती मिसळून खाल्ल्या असतील तर लवकर सुरू झालेल्या उलट्याही सुरक्षिततेची हमी देत नाहीत.

घरी उलटी करवू नका. मिठाचे पाणी, तूप, ताक, लिंबू यांत वेळ घालवू नका. १०८ ला फोन करा किंवा गाडी काढा, आणि चोवीस तास आयसीयू असलेल्या मोठ्या रुग्णालयात जा. इंदुरात महाराजा यशवंतराव रुग्णालय, म्हणजे सगळ्यांच्या तोंडचे एम.वाय., हा सरकारी पर्याय आहे. जाताना फ्रिजमधली अळंबी, उरलेली भाजी, टोपलीतली साले आणि ठशाचा कागद सोबत घ्या. 'फूड पॉयझनिंग' एवढेच सांगू नका, 'रानातली अळंबी खाल्ली' हे शब्द केसपेपरवर लिहून घ्या. यकृताच्या तपासण्या, रक्त गोठण्याची वेळ आणि क्रिएटिनिन (मूत्रपिंडाची तपासणी) हे पहिल्या दिवशी ठीक आले तरी पुन्हा पुन्हा करावे लागतात, म्हणून डॉक्टर थांबा म्हणाले तर थांबा. दिल्लीच्या एम्समधले राष्ट्रीय विषबाधा माहिती केंद्र १८००-११६-११७ या नंबरावर चोवीस तास सल्ला देते, तुमच्या डॉक्टरांनाही.

त्याच भाजीचे चार घास आणखी कोणी खाल्ले असतील, शेजारी वाटीभर दिली असेल, तर त्यांना काही होत नसले तरी तेवढ्याच घाईने त्यांनाही सोबत न्या.